पावसाचा आकडा आणि पिनची ओढ

भंडारा जिल्हा पावसाळ्यात आकड्यांवर जगतो. कारध्याला वैनगंगा २४५.५० मीटरच्या धोका पातळीपासून किती खाली आहे, गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, तिकडे मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सोडलं का, हे प्रश्न पानटपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे विचारले जातात. २०२० च्या ऑगस्टअखेरचा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

धानवाल्या शेतकऱ्यासाठी यात आणखी एक आकडा आहे, ६५. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग नुकसानीची चर्चा सुरू होते, पंचनामे होतात, ३३ टक्क्यांहून जास्त पीक गेलं का हे पाहिलं जातं. शेजारच्या मंडळात ६६ आणि आपल्या मंडळात ६३ नोंदला गेला, तर बांधाच्या दोन बाजूंच्या शेतकऱ्यांचं वर्ष वेगवेगळं होऊ शकतं.

पूर्वी सकाळी ठरल्या वेळी माणूस मोजपात्र डोळ्यांसमोर धरून हा आकडा वाचायचा. आजही कित्येक ठिकाणी तसाच वाचतात. पण २०१७ पासून महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आणि पाऊस मोजण्याचं काम यंत्राकडे आलं. शिवाय आता शाळा, कृषी महाविद्यालयं, हौशी अभियंते आणि काही शेतकरीसुद्धा दोन-चार हजारांत स्वतःचं पर्जन्यमापक बांधतात. त्यात बहुधा एखादा छोटा संगणक बोर्ड असतो, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि पावसाची तार त्या बोर्डाच्या एका पिनला जोडलेली असते. हे प्रकरण त्या पिनबद्दल आहे. तिच्यावरची वीज कशी वागावी हे सॉफ्टवेअरमध्ये लिहावं लागतं. ते लिहिलं नाही, तर सगळं यंत्र उत्तम असूनही आकडा खोटा येतो.

आधी मापकाच्या आत पाहू. नरसाळ्यातून येणारं पाणी दोन कप्प्यांच्या एका छोट्या पन्हाळीत पडतं. पन्हाळी मधोमध आसावर टेकलेली असते. एक कप्पा भरला की ती त्या बाजूला कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. पुष्कळ मापकांत अशी एक कलंडी म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस. पन्हाळीला चिकटवलेला लोहचुंबक कलंडताना एका काचेच्या नळीसमोरून जातो. नळीत दोन पातळ पात्या असतात. चुंबक समोर आला की त्या चिकटतात, पुढे गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. पात्या साधारण सेकंदाचा दहावा भाग चिकटलेल्या राहतात, आणि तेवढ्यात संगणकाने 'एक' मोजायचा असतो. अशा १३० कलंड्या झाल्या की ६५ मिलिमीटर.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाला येऊ. रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर ४० पिनांची दुहेरी रांग असते, त्यातल्या २८ पिना वापरणाऱ्याच्या हाती असतात. अशा पिनवर ३.३ व्होल्टच्या जवळचा दाब असेल तर संगणक तिला १ वाचतो आणि शून्याच्या जवळचा असेल तर ०. रीड स्विचचं एक टोक पिनला आणि दुसरं जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलं, तर पात्या चिकटल्यावर पिन ० होते. इथवर कुणालाच शंका नसते. प्रश्न असा की पात्या सुटलेल्या असताना पिनवर काय असतं?

काहीच नसतं. शून्य व्होल्टही नसतो आणि ३.३ ही नसतो. आतल्या ट्रान्झिस्टरचं द्वार इतका कमी प्रवाह घेतं की बाहेरून कुणी धरून न ठेवलेली पिन हवेतला कसलाही विद्युत प्रभाव उचलते. तंत्रज्ञ म्हणतात, पिन फ्लोट होतेय. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर एका पिनची ओढ (ती काय हे पुढे येतंच) बंद करा, तिला हातभर तार जोडून दुसरं टोक मोकळं सोडा, पिनचं वाचन पडद्यावर सतत छापत ठेवा आणि बोट तारेजवळ न्या. स्पर्श करायचीही गरज नाही. ०, १, ०, १ अशी रांग धावू लागते. घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची वीज तुमच्या शरीरातून त्या तारेपर्यंत पोचते.

शेतात हीच तार कृषिपंपाच्या केबलला समांतर गेली असेल, तर सेकंदाला ५० खोट्या कलंड्या होऊ शकतात. म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर पाऊस. तीन सेकंद व्हायच्या आत १३० कलंड्या पूर्ण, निरभ्र आकाशाखाली अतिवृष्टी. एवढा वेडा आकडा कुणीतरी बाद करतोच. खरा घात होतो तो छोट्या चुकीने. दिवसभरात खरा पाऊस ६३ मिलिमीटर, कलंड्या १२६. स्टार्टर सुरू-बंद होताना पाच खोट्या ठिणग्या मोजल्या गेल्या की नोंद ६५.५. हा आकडा पाहून कुणाला शंका येणार?

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये एक मोठा रेझिस्टर घालायचा. खेड्यात कुंपणाच्या फाटकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधतात, तसं याचं काम असतं. ढकललं की फाटक सहज उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं, मधेच लोंबकळत राहत नाही. रेझिस्टर पिनला हलकेच वर ओढून धरतो, पात्या चिकटल्या की स्विच तिला सहज खाली आणतो, सुटल्या की ती परत वर जाते. याला पुल-अप म्हणतात. उलट बाजूला, जमिनीकडे ओढणारा असेल तर पुल-डाउन. आजच्या बहुतेक चिपांमध्ये असे दोन्ही रेझिस्टर प्रत्येक पिनपाशी आतच बनवलेले असतात, रास्पबेरी पायमध्ये साधारण ५० ते ६५ किलोओहमचे. ते लावायचे की नाही आणि कुठले लावायचे, हे सॉल्डरिंगने ठरत नाही, चिपमधल्या एका नोंदकोशात कोणता आकडा लिहिला यावर ठरतं. म्हणजे ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात आहे.

इथे एक फसवी गोष्ट आहे आणि नवशिक्या माणसाला ती हमखास गाठते. रास्पबेरी पायला वीज दिली की सगळ्या पिना सारख्या स्थितीत उठत नाहीत. ० ते ८ क्रमांकाच्या पिना वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली ओढलेल्या. कुणी रीड स्विच ४ क्रमांकाच्या पिनला लावला आणि ओढीबद्दल काहीच लिहिलं नाही, तरी यंत्र छान चालतं. हंगामभर चालतं. पुढच्या वर्षी त्या पिनवर तापमानाचा सेन्सर लावायचा म्हणून पावसाची तार १७ क्रमांकावर हलवली जाते. आता पिन आधीच खाली ओढलेली आणि स्विचही तिला खालीच नेणार. पन्हाळी कलंडत राहते, चुंबक फिरत राहतो, पात्या चिकटत राहतात आणि मोजणी शून्य. बाहेर धो-धो पाऊस आणि नोंदीत कोरडा दिवस. सॉफ्टवेअरची एक ओळ बदललेली नाही, एक सुटा भाग बिघडलेला नाही. पहिल्या वर्षीसुद्धा ते यंत्र योगायोगानेच बरोबर होतं. मला हा दोष खोट्या पावसाहून गंभीर वाटतो. खोट्या पावसाचा आरडाओरडा होतो, हरवलेल्या पावसाचा शेतकऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्यात भर म्हणजे, पहिल्या रास्पबेरी पायमधली बीसीएम २८३५ ही चिप ओढ लावू देते पण लावलेली ओढ परत वाचू देत नाही. लावण्याची रीतही जुन्या वळणाची. आधी एका कोशात 'वर', 'खाली' किंवा 'काही नको' लिहायचं, १५० घड्याळ-ठोके थांबायचं, मग कुठल्या पिनांसाठी ते दुसऱ्या कोशात सांगायचं, पुन्हा १५० ठोके थांबायचं आणि सगळं पुसून टाकायचं. ओढ चिपच्या पोटात लागलेली राहते, पण विचारलं तर उत्तर नाही. २०१९ च्या चौथ्या पिढीतल्या चिपमध्ये ही उणीव दूर झाली. म्हणून जुन्या बोर्डावर 'बहुतेक लागली असेल' या भरवशावर राहू नये. कार्यक्रम सुरू होताना दरवेळी ओढ स्पष्ट सांगावी.

हे सांगायचं कुणाला? याचं उत्तर लिनक्समध्ये बरीच वर्षं धड नव्हतं. मोबाइल आणि छोट्या बोर्डांसाठी एआरएम जातीच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीच्या पिनांची तऱ्हा निराळी. एकच पिन कधी साधा इनपुट, कधी सीरियल पोर्ट, कधी कॅमेऱ्याची तार. प्रत्येक कंपनी आपापल्या बोर्डासाठी वेगळा कोड लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये घालत गेली आणि एकाच कामाच्या डझनावारी नकला साचल्या. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी या पसाऱ्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. त्याच वर्षी लिनस वालेइ या स्वीडिश अभियंत्याने पिन-कंट्रोल नावाची सामाईक व्यवस्था आकाराला आणली. ती ३.२ या आवृत्तीसोबत जानेवारी २०१२ मध्ये सर्वांच्या हाती आली.

या व्यवस्थेतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणजे दोन प्रश्न वेगळे करणं. पिन कुठलं काम करणार हा एक प्रश्न, आणि ते करताना तिच्यावरची वीज कशी वागणार हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी सगळ्या कंपन्यांना चालेल अशी शब्दावली ठरली. ओढ वर, ओढ खाली, ओढ नाही, शेवटची स्थिती धरून ठेव, किती मिलिअँपिअरने ढकल, फक्त खाली ओढ आणि वर कधी ढकलू नकोस, संथ चढणाऱ्या सिग्नलसाठी दोन वेगळे उंबरठे ठेव, इतके मायक्रोसेकंद थरथर सोडून दे. बोर्ड बनवणारा हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो: पिन १७, काम इनपुट, ओढ वर. चिप कुठलीही असो, कर्नलमधला त्या चिपचा ड्रायव्हर या ओळीचं भाषांतर तिच्या नोंदकोशांत करतो. फाइल वाचून दुसऱ्या माणसालाही कळतं की इथे वर ओढणं मुद्दाम ठरवलेलं आहे. कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलेली गोष्ट कागदावर आली, हा माझ्या मते या कामाचा मोठा लाभ.

साध्या वापरकर्त्याला मात्र आणखी थांबावं लागलं. आपल्या कार्यक्रमातून एखादी पिन मागताना तिची ओढही सांगता येणं लिनक्सच्या प्रमाण मार्गाने शक्य झालं ते ५.५ आवृत्तीत, जानेवारी २०२० मध्ये. थरथर गाळण्याची सोय डिसेंबर २०२० च्या ५.१० मध्ये आली. त्याआधीची कितीतरी पुस्तकं आणि धडे जुन्या रीतीने लिहिलेले आहेत. ते वाचून यंत्र बांधणाऱ्याने या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

थरथर म्हणजे काय तेही पाहू, कारण पर्जन्यमापकात तिची किंमत मोठी आहे. रीड स्विचच्या पात्या लवचिक असतात. चिकटताना त्या एकदा चिकटून थांबत नाहीत, मिलिसेकंदभरात दोन-चारदा आपटतात. माणसाला एकच टिक ऐकू येते. संगणकाला तीन दिसतात. तीनपट मोजणी झाली तर २२ मिलिमीटरचा साधा पाऊस ६६ होतो. म्हणून पहिल्या आपटण्यानंतर थोडा वेळ डोळे मिटून घ्यायचे असतात. किती वेळ? तासाला १०० मिलिमीटर इतका भीषण पाऊस धरला तरी २०० कलंड्या, म्हणजे दर १८ सेकंदांनी एक. तेव्हा ५० मिलिसेकंद डोळे मिटले तर काहीच हरवत नाही. कुणी 'खात्रीसाठी' २० सेकंद ठेवले, तर नेमक्या ढगफुटीच्या वेळी खऱ्या कलंड्या गाळल्या जातील.

आतली ओढ पुरेशी असते का? बोर्ड आणि मापक एकाच डब्यात असतील तर असते. पण मापक शेताच्या मधोमध आणि बोर्ड गोठ्याच्या भिंतीवर असेल, तर वीस-पंचवीस मीटरची तार चिखलातून जाते. धानाच्या बांधीत चार महिने पाणी उभं असतं. तारेचा जोड ओला झाला की दोन तारांमधून प्रवाह झिरपू लागतो. समजा त्या ओलीचा रोध ५० किलोओहम झाला आणि आतली ओढही ५० चीच आहे. मग पिनवर उरतात १.६५ व्होल्ट, बरोबर अर्धे. ते ना ० ना १. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरमधून कितीही 'ओढ वर' सांगितलं तरी निभत नाही. बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. त्याच ओल्या जोडावर तो पिन ३ व्होल्टवर राखतो. बाजारात त्याची किंमत एक-दोन रुपये आहे. सॉफ्टवेअरची ओढ ही दुबळी ओढ आहे आणि तिची हद्द बोर्डाच्या कडेपर्यंतच आहे, हे नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवायला हवं.

पिन बाहेर काही चालवत असेल तर ढकलण्याचं बळ, म्हणजे किती मिलिअँपिअर, हेही ठरवता येतं. रास्पबेरी पायमध्ये २ ते १६ पर्यंत, दोनच्या टप्प्याने. पंप सुरू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइलला साधारण ७० लागतात, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालावाच लागतो. त्यापेक्षा महत्त्वाचे आहेत ते ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याआधीचे काही सेकंद.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सेकंद चांगले ओळखीचे आहेत. पाळीप्रमाणे लाईट येते, जाते, परत येते. पंपाला लाईट आली की तो आपोआप सुरू करणारा 'ऑटो' लावलेला असतो आणि काही तरुणांनी ऑटोच्या जागी स्वतःचा बोर्ड आणि रिले बसवलेला असतो. लाईट आली की बोर्ड उठायला लागतो. लिनक्स जागं होऊन आपला कार्यक्रम सुरू होईपर्यंत वीस-तीस सेकंद जातात. तोवर रिलेची पिन चिपच्या जन्मजात स्थितीत, इनपुट म्हणून पडलेली असते. तिला कुणी धरलेलं नसेल, तर रिले तडतडतो, त्याच्यामागे कॉन्टॅक्टर तडतडतो आणि पंप सुरू-बंद होतो. कार्यक्रमात पहिल्या ओळीला 'रिले बंद' लिहून हे थांबत नाही, कारण ती ओळ चालायच्या आधीच सगळं घडून जातं. इथे तीन पातळ्यांवर काम करावं लागतं. बोर्डाबाहेर जमिनीकडे ओढणारा रेझिस्टर, बूटलोडरच्या किंवा फर्मवेअरच्या पातळीवर पिन खाली ठेवण्याची सूचना, आणि मग डिव्हाइस ट्रीमध्ये 'आउटपुट, सुरुवातीला खाली'. एखादी पिन कर्नलनेच उठल्या उठल्या धरून ठेवावी आणि दुसऱ्या कुणाला देऊ नये, अशीही सोय लिनक्समध्ये आहे. पंपासारख्या जीवघेण्या गोष्टीला ती जरूर वापरावी, आणि तरीही पंपाच्या मूळ संरक्षणाला हात लावू नये.

झोपेच्या वेळचा हिशोबही पिनच्याच खात्यात येतो. बॅटरीवर चालणारं यंत्र बहुतांश वेळ झोपलेलं असतं, म्हणून पिन-कंट्रोलमध्ये एका पिनसाठी जागेपणीची आणि झोपेची अशा वेगळ्या स्थिती लिहिता येतात. ५० किलोओहमची ओढ लावलेली पिन स्विचने खाली धरली, तर ६६ मायक्रोअँपिअर वाहतात. दिसायला नगण्य. पण पन्हाळी गाळाने मधेच अडकली आणि चुंबक स्विचसमोरच थांबला, तर ही गळती रात्रंदिवस चालू राहते आणि दिवसाला सुमारे १.६ मिलिअँपिअर-तास जातात. २२० मिलिअँपिअर-तासांचा बटणसेल नुसत्या या एका पिनवर साडेचार महिन्यांत संपेल.

तुम्ही पर्जन्यमापक बांधत असाल, किंवा गावात कुणी बांधलेल्या मापकाच्या आकड्यावर विसंबणार असाल, तर दोन चाचण्या घरच्या घरी होतात. मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एक लिटर पाणी बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू सोडा. नोंद ५० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या १०० कलंड्या आली पाहिजे. दोन-तीन कमी-जास्त चालतील. दीडशे आल्या तर थरथर मोजली जातेय, शून्य आल्या तर ओढ उलटी आहे. दुसरी चाचणी कोरड्या रात्रीची. मापक झाकून ठेवा, तार जशी शेतात असते तशीच पसरा, शेजारचा पंप चार-सहा वेळा सुरू-बंद करा आणि सकाळी नोंद उघडा. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल, तर त्या यंत्राचा पाऊस कुणालाही सांगू नका. आधी त्याच्या पिनची ओढ कुठे लिहिली आहे ते शोधा.